इच्छा बारीक चिरून घ्याव्यात

सुखी संसाराची पाककृती लिहिण्यात अख्ख्या दारव्ह्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी अभिमानानं सांगत नाही. प्रत्यक्ष चुलीपुढे माझी गत अशी होती की भाकर फुगायची नाही, वरण रोज खाली लागायचं, आणि वांग्याच्या भाजीत कधी मीठ नसे तर कधी दोनदा पडलेलं असे. तरी दोन वर्षं मी जिल्ह्यातल्या बायांना घर कसं गोड करावं ते शिकवत होते. माणसांनी कुणाकडून काय शिकावं, याला काही धरबंदच नाही.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची ही गोष्ट. राज्य बदललं म्हणून गावात पेढे वाटले गेले, भाषणं झाली. चुलीतल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, धुरानं लाल झालेले डोळे पुशीत आम्ही बायांनीही ते पेढे खाल्ले आणि परत चुलीपाशी जाऊन बसलो.

माझे यजमान हायस्कुलात गणित शिकवत. घरात आम्ही तिघंच: ते, मी आणि सासूबाई. मी यवतमाळला मामाकडे राहून मॅट्रिक झाले होते. त्या काळी आमच्या नात्यात मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे घरात आणलेला रेडिओ. पाहुण्यांना दाखवायचा, पण फार वाजू द्यायचा नाही. लग्नात सासरच्यांनी माझं शिक्षण मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. गावात मला सगळे मास्तरीणबाई म्हणत, ते मात्र मास्तरांची बायको म्हणून.

मला खरोखरीची मास्तरीण व्हायचं होतं. मुलींच्या शाळेत जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. यजमानांनीच तो पोस्टात टाकला होता, म्हणून मी निर्धास्त होते. महिना गेला, दीड महिना गेला. एक दिवस त्यांचा कोट धुवायला घेतला आणि आतल्या खिशातून एक लांबट लिफाफा निघाला. फोडलेला. माझ्या नावाचा. मला नेमणूक मिळाली होती. रुजू व्हायची तारीख होऊन आठ दिवस झाले होते.

पोस्टमन आमची पत्रं शाळेतच यांच्या हाती देत असे. संध्याकाळी ते आले तेव्हा मी लिफाफा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय आहे?"

त्यांनी लिफाफ्याकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या कंदिलाकडे पाहिलं. "अरेच्चा! हे राहूनच गेलं."

"राहून गेलं?"

"सहामाहीचे पेपर होते ना. डोक्यात काही राहत नाही." मग चपला काढता काढता म्हणाले, "पण मी म्हणतो, तुला कायले पाहिजे नोकरी? घरी काही कमी आहे का?"

मागच्या दिवाळीत कुणाच्या चिवड्यात तिखट जास्त होतं हे त्या माणसाच्या लक्षात असे. सातवीतला कोणता मुलगा कोणत्या दिवशी गैरहजर होता हे ते पुस्तक न पाहता सांगत. विसरले ते एवढंच. मी भांडले नाही. मला भांडता येत नव्हतं, रडता येत होतं. पण तेही मी केलं नाही. मी बोलणं बंद केलं. भाकर वाढायची, पाणी ठेवायचं, तोंड उघडायचं नाही. गंमत अशी की ही शिक्षा आहे हे त्यांच्या ध्यानात यायला चार दिवस लागले. ते चार दिवस त्यांना घर फार शांत वाटत होतं.

पाचव्या दिवशी महिला मंडळाची चिठ्ठी आली.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई वकिलांच्या सौभाग्यवती. आदल्या संक्रांतीला त्यांनी पदार्थांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक वकीलसाहेब, पहिलं बक्षीस अध्यक्षीणबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या अनारशांना. त्यावरून असा काही गदारोळ झाला की दोन बायांनी मंडळ सोडलं. एकीची चकली परीक्षकांनी खलबत्त्यात घालून फोडली, अशी अफवा तर पार बाजारापर्यंत गेली. म्हणून यंदा अध्यक्षीणबाईंनी ठरवलं, खायचा पदार्थच नको. कुठल्याशा मासिकात त्यांनी पाहिलं होतं म्हणे. स्पर्धेचा विषय: सुखी संसाराची पाककृती. साहित्य, कृती आणि टीप, एका पानात. कागदावरचा पदार्थ कुणाला कडक लागत नाही आणि कुणाचा दात पडत नाही.

मी यजमानांच्या गठ्ठ्यातून कोऱ्या उत्तरपत्रिकेचं एक पान फाडलं आणि वरण उकळतं तोवर लिहून काढलं. पुढे ते इतक्या ठिकाणी छापून आलं की मला अजून पाठ आहे.

"साहित्य: एक नवरा, कसाही चालेल. एक बायको, नीट निवडून घेतलेली. सासू असल्यास उत्तम. बायकोच्या इच्छा, पाव शेर. सहनशीलता, लागेल तेवढी.

कृती: प्रथम बायको दोन पाण्यांनी धुऊन घ्यावी, म्हणजे माहेरचा वास राहत नाही. तिच्या इच्छा बारीक चिरून घ्याव्यात, इतक्या बारीक की नवऱ्याच्या दाताखाली येऊ नयेत. मग सगळं मंद आचेवर ठेवावं. उकळी फुटू लागली की घट्ट झाकण लावावं. नवऱ्याला ढवळू नये, तो नाजूक असतो.

टीप: पदार्थ जमला तर सासरच्या घराण्याचं नाव घ्यावं. करपला तर बायकोच्या माहेरचं."

वरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा माझं लिहून झालं होतं. मला फार बरं वाटलं. असं वाटलं की वाचणाऱ्या बाया पोट धरून हसतील, आणि निदान एखादी तरी विचारील, काहून वं, एवढी कायची चिडली तू?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अध्यक्षीणबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या स्वतः वाचल्या. बाकीच्या बायांनी एक वाटी प्रेम आणि दोन चमचे विश्वास असं सरळ सरळ लिहिलं होतं. माझं पान त्यांनी हाती घेतलं, चष्मा सावरला आणि भरल्या गळ्यानं वाचायला सुरुवात केली. "कसाही चालेल" त्यांनी गाळलं. टीप तर अख्खीच गाळली. राहिलं ते इतक्या कळवळून वाचलं की "इच्छा बारीक चिरून घ्याव्यात" पाशी त्यांचाच आवाज फुटला. मी समोर पाहिलं. बायांनी पदर तोंडाला लावले होते. मी म्हटलं, चला, हसल्या. पण त्या डोळे पुसत होत्या. शेजारची एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "किती खरं लिवलं व माय तुमी. आईची आठवन आली."

पहिलं बक्षीस मला मिळालं. स्टेनलेसचा डबा. आमच्या घरातलं ते पहिलं स्टेनलेस.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी रस्त्यात गाठून यजमानांचं अभिनंदन केलं. ते घरी आले ते हसतच. "अगं, तू तर लेखिका निघालीस!" म्हणाले. मग माझ्याकडून कागद मागून घेतला, उभ्याउभ्या सगळा वाचला, आणि विचारलं, "यातला नवरा म्हणजे मीच ना?"

"तुम्हीच."

"नाजूक म्हटलंस," ते खुशीत म्हणाले. "तसा माझा कोठा पहिल्यापासून नाजूकच."

अबोला तिथेच मोडला. ज्या माणसाला टोचलेलं कळतच नाही त्याच्याशी अबोला धरून काय करायचं? आपलीच जीभ आखडते.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. दुपारी तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, मला म्हणाल्या, "काय लिवलं थे मलेबी वाचून दाखव." मी वाचलं. त्या खडे वेचत राहिल्या. "अजून एकडाव वाच." मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हे तुनं रागात लिवलं नं वं?"

सबंध गावात हे एका बाईला कळलं, आणि तिला अक्षरओळख नव्हती.

"थे पत्र मले दिसलं होतं कोटात," त्या म्हणाल्या. "म्या पुसलं त्याले, कायचं होय म्हून. म्हने, शाळेचं होय. खोटं नाई बोलला लेकाचा, शाळेचंच होतं. मले वाचता येत असतं नं, तर तुह्या हातात दिलं असतं तवाच."

मग मीही सूप ओढून त्यांच्याबरोबर डाळ निवडायला बसले.

महिन्याभरात यवतमाळच्या एका साप्ताहिकाचे संपादक छोट्या रुळांच्या आगगाडीनं दारव्ह्याला उतरले आणि थेट आमच्याकडे आले. वकीलसाहेबांनी माझी पाककृती त्यांना धाडली होती, त्यांनी ती छापली होती, आणि म्हणे अंक हातोहात गेला होता. आता त्यांना दर आठवड्याला एक हवी होती. खाली "एक सुगृहिणी" एवढंच लिहायचं. त्यांना चहा देताना माझ्या हातून दूध फाटलं होतं. ते त्यांनी पाहिलं, आणि तरी सुगृहिणी हाच शब्द ठेवला.

मी हो म्हटलं. का, ते प्रामाणिकपणे सांगायचं तर छापलेली ओळ पाहून मी हुरळले होते. शाळा गेली तर गेली, हे तरी हाती लागलं, असंही वाटलं असेल. मी लिहू लागले. सासूच्या मर्जीचे लाडू. पाहुण्यांची खिचडी. शेजारधर्माची चटणी. नवऱ्याच्या रागाची कढी, फुटू नये म्हणून काय करावं त्यासह. सुरुवातीला प्रत्येकीत मी एखादा खडा मुद्दाम ठेवत असे, चावला की कळावा म्हणून. संपादक तो बरोबर वेचून काढत आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडत: "आणि वरून हसऱ्या चेहऱ्याचा सांबार भुरभुरावा." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो सांबार मला डोळ्यांसमोर नको झाला होता. पण खरी लाजेची गोष्ट पुढची आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यांना काही वेचावंच लागेना. खडे मीच काढू लागले आणि सांबारही मीच घालू लागले. कौतुकाची सवय लागली की माणूस न सांगता गोड होतं.

वाचकांची पत्रं येत, ती यजमान मोठ्यानं वाचत. माझ्या नावाची सगळी पत्रं आता ते न विसरता घरी आणत, हे सांगायला हवं. दिग्रसच्या एका गृहस्थानं विचारलं होतं, तुमचं अबोल्याचं लोणचं किती दिवस टिकतं, आमच्या घरी घातलेल्याला आता सहा महिने होत आले. किलोची नवी मापं आली तेव्हा एका किराणा दुकानदारानं लिहिलं, बाई, तुम्ही अजून शेरावर आहात, पाव शेर इच्छा म्हणजे नव्या मापानं किती ग्रॅम ते कळवा, गिऱ्हाइकं विचारून राह्यली. यजमानांनी पाटीवर गणित मांडून त्याला उत्तरही पाठवलं. शिक्षकांच्या खोलीत ते माझी कात्रणं घेऊन जात. "आमच्या घरी हे सगळं प्रत्यक्ष चालतं," असं सांगत. शेजारच्या बाया नवऱ्याशी वाजलं की माझ्याकडे येऊन बसत, आणि मी, जिचं स्वतःचं पत्र तारीख उलटेपर्यंत नवऱ्याच्या कोटात होतं, त्यांना मंद आच समजावून सांगत असे.

मग दुसऱ्या वर्षी बाभुळगावचं लग्न आलं.

माझं माहेर बाभुळगावचं. आमच्या घराच्या मागच्या आळीत एक शेतकरी कुटुंब होतं, चांगलं कापूस-तुरीचं, खाऊनपिऊन सुखी. त्यांची मुलगी मॅट्रिकच्या वर्गात होती. लहानपणी ती माझ्या मागेमागे फिरे, माझी जुनी पुस्तकं मागून नेई. गणितात तर माझ्याहून पुढे. तिचं लग्न उन्हाळ्यात निघालं, परीक्षेच्या ऐन तोंडावर, स्थळ पार मुकुटबनचं. मला आग्रहाचं बोलावणं होतं, कारण तोवर मी माहेरातही नाव काढलं होतं.

रुखवत मांडलं होतं. शेवयांच्या बाहुल्या, सुपारीचे भटजी-भटजीण, काचेखाली लोकरीचं हरीण. आणि मधोमध, चौकटीत बसवलेलं एक पांढरं कापड. त्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं होतं, "सुखी संसाराची पाककृती". चार कोपऱ्यांत चार हिरवे पोपट. मी जवळ गेले. एकेक अक्षर टपोरं भरलेलं. धुऊन घ्यावी. झाकण लावावं. आणि एका पोपटाच्या चोचीपाशी, "इच्छा बारीक चिरून घ्याव्यात". बाया कौतुकानं मला पुढे ढकलत होत्या, "पाहा न बाई, तुमचंच होय."

नवरी आत पाटावर बसली होती. मी तिच्यापाशी गेले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "एवढं सुंदर भरतकाम कधी केलंस गं?"

"अभ्यासाच्या दिवसांत," ती म्हणाली. "वेळच होता ताई."

"का? परीक्षा?"

तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या मागे सारल्या. "फारम भरला होता म्या. मले बसाचंच होतं. बाबाले म्हटलं, लगन एक महिना पुढं ढकला. तवा बाबांनी तुमचं कात्रण आणलं वाचायले. म्हने, पाह्य, मॅट्रिक झालेली बाई काय म्हनून राह्यली. तुले तिच्याहून जास्त समजते काय?" मग ती माझ्याकडे पाहून अगदी सरळ म्हणाली, "तुमी लिवलं म्हनून म्या मानलं ताई. दुसऱ्या कोनाचं नसतं मानलं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. बाहेर वाजंत्री सुरू झाली, कुणीतरी तिला उठवून नेलं. मी पंगतीला बसले. समोर पुरणपोळी होती. मी तिचा एक तुकडा मोडून तसाच ठेवला, आणि वाढणारी बाई म्हणत होती, "मास्तरीणबाईले बारीक भूक हाय."

परत आल्यावर मी सरळ लिहिलं. पाककृती नाही, दोन पानांचा मजकूर. पत्राचं काय झालं, ती पहिली पाककृती कशी रागात लिहिली होती, आणि तिच्यापायी एका मुलीची परीक्षा कशी बुडाली. संपादकांकडे पाठवला. पुढच्या गाडीनं ते स्वतः आले.

"बाई, हे फार तिखट झालं," ते म्हणाले.

"तिखटच आहे ते."

"आपला अंक घराघरात जातो. सासरे वाचतात. मी जरासं सौम्य करून घेतो."

त्यांनी सौम्य केलं. अंकात छापून आलं ते असं: वधूनं शिक्षणाचा अभिमान सोडून संसारात कसं विरघळावं, दुधात साखरेप्रमाणे. वरून सांबार. त्या दिवशी मी सबंध अंक चुलीत घातला. चूल छान पेटली.

पुन्हा संक्रांत आली. या वेळी मंडळानं मोठा समारंभ ठेवला होता, पुरुषांनाही खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत वकीलसाहेब, हायस्कूलचे हेडमास्तर, त्यांच्या शेजारी माझे यजमान, धुतलेल्या कोटात. बाया सतरंजीवर. "आपल्या जिल्ह्याच्या लाडक्या सुगृहिणी आता नवी पाककृती सादर करतील," असं अध्यक्षीणबाईंनी सांगितलं, आणि मी उठले. भित्री होते मी, आणि आजही आहे.

मी म्हटलं, "पाककृती आणली नाही. एक पत्र आणलं आहे," आणि लिफाफा काढून वाचायला लागले. आपणांस कळविण्यात येते की आपली मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक करण्यात आली आहे. अमुक तारखेपर्यंत रुजू न झाल्यास जागा दुसऱ्यास देण्यात येईल. कोरडं सरकारी पत्र. पण वाचताना माझा आवाज कधी नव्हे तो ठाम झाला. हे पत्र कुठे होतं, किती दिवस होतं, तेही मी सांगितलं. कोट कोणाचा ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. पहिल्या रांगेतली सगळी डोकी एका खुर्चीकडे वळली. मग मी बाभुळगावच्या मुलीचं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी दोन वर्षं जे लिहिलं त्यावर विश्वास ठेवू नका. मला साधं वरण येत नाही. ज्यांनी माझी पाककृती भिंतीवर लावली असेल त्यांनी ती उतरवावी."

अध्यक्षीणबाईंनी टेबलावरची घंटी वाजवली. "वेळ संपली."

"वाचू द्या तिले!" सतरंजीवरून आवाज आला. माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "अनारशाच्या वक्ती नाई संपली वेळ तुमची?"

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळी सतरंजी हसायला लागली. ज्या हसण्याची मी दोन वर्षं वाट पाहिली होती ते हेच. मला वाचायला मात्र आणखी काही उरलं नव्हतं.

यजमान पुढे निघून गेले. घरी ते कोट न काढता बसले होते. सासूबाईंनी ताट वाढलं, त्यांनी सरकवलं.

"साऱ्या गावासमोर इज्जत घेतली माझी," ते म्हणाले.

"इज्जत?" सासूबाईंनी विचारलं. "थे कोन्या खिशात ठेवली होती तुनं?"

त्यानंतर आठ दिवस ते बोलले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची फार थट्टा झाली, असं मागाहून कळलं. हेडमास्तरांनी म्हणे त्यांना कागद देताना दर वेळी विचारायला सुरुवात केली, "पोचवाल ना?" मला त्यांची दया आली नाही, असं नाही. आली. पण मी माफी मागितली नाही. नवव्या दिवशी भाकर मोडता मोडता ते ताटाकडेच पाहून म्हणाले, "करायची तर कर नोकरी. मी काही अर्ज घेऊन जाणार नाही."

"तुम्ही नेऊच नका," मी म्हटलं.

मी स्वतः यवतमाळला गेले, अर्ज हाती दिला, आणि पोच घेतली. उत्तर सासूबाईंच्या हाती यावं म्हणून पोस्टमनला आम्ही दोघींनी दारात बसवून चहा पाजला. तो चहा सासूबाईंनी केला होता, त्यामुळे काम त्याच्या लक्षात राहिलं. उन्हाळ्याच्या शेवटी नेमणूक आली. गावातली शाळा नाही, दारव्ह्यापासून कोसदीड कोसावरच्या एका बंजाऱ्यांच्या तांड्यावर एकशिक्षकी शाळा. शिक्षा म्हणून दिली की दुसरं कुणी जात नव्हतं म्हणून, देव जाणे.

मी लिहिणं सोडलं, तरी साप्ताहिकातलं सदर बंद पडलं नाही. "एक सुगृहिणी" नेमानं लिहीत राहिली. पुढे कळलं की ते संपादक स्वतःच लिहीत असत, आणि वाचकांना काही फरक वाटला नव्हता. माझी पहिली पाककृती पुढे कितीतरी लग्नपत्रिकांमागे छापून आलेली मी पाहिली. कुणी उतरवली नाही. मुकुटबनला मी तीन पत्रं टाकली. एका वर्षानं एकाचं उत्तर आलं. परीक्षेला बसणं झालं नाही, मुलगा झाला आहे, ते कापड बैठकीत लावलं आहे, सासरच्यांना आवडतं, असं तिनं लिहिलं होतं. अक्षर अजून तसंच टपोरं होतं.

तांड्यावर पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा शाळेच्या पडवीत शेळ्या बसल्या होत्या आणि बाया मला बघायला गोळा झाल्या होत्या. आरशांच्या चोळ्या, हातभर पांढऱ्या बांगड्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई पुढे आली. आमच्याशी बोलायला तिला वऱ्हाडी चांगली येत होती.

"नवरा कुठी हाय तुहा?"

"घरी."

"मंग भाकर कोन टाकते?"

"सासू टाकते."

"सासू!" तिनं ते आपल्या बोलीत मागच्यांना सांगितलं, आणि त्या सगळ्या इतक्या हसल्या की शेळ्या उठून पळाल्या. बरंच झालं. मी पडवी झाडून घेतली.

पहिल्या आठवड्यात मुली दोनच आल्या. त्यातली एक काखेत धाकट्या भावाला घेऊन आली. तो रडला की तिला बाहेर पळावं लागे, म्हणून मी तिला दारातच बसवलं. सबंध पावसाळा ती दारात बसली, एक पाय आत आणि एक बाहेर. पोळ्यापर्यंत तिला तिचं नाव लिहिता यायला लागलं होतं.